हिवाळी परीक्षेनंतर हेमलकसा

नागपूर विद्यापीठाची हिवाळी परीक्षा संपली की हॉस्टेल बघता बघता रिकामं होतं. वर्धा, यवतमाळ, अमरावतीची मुलं शेवटचा पेपर टाकून त्याच संध्याकाळी एसटीत बसतात. मागे उरतात ती लांबची. मी चिपळूणची. नागपूरहून चिपळूण म्हणजे आधी मुंबई, मग कोकण रेल्वे, आणि नाताळच्या तोंडावर दोन्हीकडचं आरक्षण मिळणं कठीण. मिळालं तरी निम्मी सुट्टी गाडीतच जायची. माझ्यासारखीच अडकलेली साताऱ्याची एक मैत्रीण होती आणि नांदेडचा एक मित्र. हॉस्टेलात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारतो, इथेही तशीच ओळख ठेवते. चौथा गोंडपिपरीचा. त्याचं घर चंद्रपूर जिल्ह्यातच, तो केव्हाही जाऊ शकत होता. पण मेस बंद होणार आणि आम्ही तिघं चहा-पोह्यांवर दिवस काढणार हे बघून तोच म्हणाला, "माझ्याकडे चला. एक रात्र राहू, मग तसेच पुढे हेमलकशाला जाऊ."

आम्ही चौघंही बी. फार्म.चे. गडचिरोली जिल्ह्यातलं हेमलकसा, म्हणजे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचा आदिवासींसाठीचा दवाखाना आणि शाळा, आम्हाला ऐकून माहीत होतं, जसं ते महाराष्ट्रात सगळ्यांनाच असतं. कोणी प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा' वाचलेलं, कोणी त्यांच्यावरचा, 2014 साली आलेला नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांचा सिनेमा पाहिलेला. डोळ्यांपुढे यायचं ते एकच चित्र: पांढरी बंडी, पांढरी अर्धी चड्डी आणि शेजारी बिबट्या. प्रत्यक्षात काय काय आहे, याची कल्पना गोंडपिपरीकर सोडून कोणालाच नव्हती.

निघालो तेव्हा नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. सगळं सरकार मुंबईहून नागपुरात आलेलं, रस्त्यारस्त्यावर पोलीस, मोर्चे, सरकारी गाड्या. गडचिरोलीच्या रस्त्यांचे आणि पुलांचे प्रश्न याच दिवसांत सभागृहात निघतात. आम्ही त्या गर्दीतून वाट काढत बसस्टँड गाठलं आणि ज्या रस्त्यांबद्दल आत बोलणं चाललं असेल त्या दिशेने निघालो.

चंद्रपूरच्या वाटेवर शंभरेक किलोमीटरवर वरोरा लागतं. हेमलकशाची गोष्ट इथून सुरू होते. प्रकाश यांचे वडील बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. पुढे 1967 मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ आणि 1973 मध्ये हेमलकसा. त्यामुळे हेमलकशाला जाणाऱ्याने शक्य असेल तर आधी आनंदवन पाहावं, असं मला वाटतं. कुष्ठरोग बरा झालेल्या माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, हे पाहिलं की हेमलकशातल्या पहिल्या झोपड्या कोणी बांधल्या असतील हे वेगळं सांगावं लागत नाही. आनंदवनातून गेलेल्या कार्यकर्त्यांत बरे झालेले कुष्ठरुग्णही होते.

चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. महानिर्मितीचं हे सर्वांत मोठं वीज केंद्र, क्षमता 2920 मेगावॉट. चंद्रपूरची वीज राज्यभर जाते, आणि त्याच जंगलपट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला हेमलकशात कित्येक वर्षं कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया होत होत्या. गडचिरोली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होती. वेगळा जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. पुढे बल्लारपूरची पेपर मिल. तिला लागणारा बांबूही वर्षानुवर्षं याच जंगलांतून आला. या भागातून बाहेर काय काय गेलं याची यादी नांदेडकर बसमध्ये करत बसला होता. कोळसा, बांबू, साग, तेंदूपत्ता. लोहखनिज पुढे दिसायचं होतं.

गोंडपिपरीला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. डिसेंबरात इकडे धानाची कापणी उरकलेली असते. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते आणि हवेत ओल्या तणसाचा वास होता. मला तो वास घरचाच वाटला. कोकण आणि ही पूर्व विदर्भातली झाडीपट्टी, महाराष्ट्राची दोन टोकं, आणि दोन्हीकडचा माणूस भात खाल्ल्याशिवाय जेवलो म्हणत नाही. साताऱ्याची मात्र भाकरी शोधत राहिली. मित्राच्या आईने दारातूनच हाक दिली, "पोट्टेहो, हातपाय धुवा, जेवाले चला." नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी. चुलीपासून हलावंसं वाटत नव्हतं, कारण थंडी म्हणजे थंडीच होती. विदर्भाचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो. या जंगलपट्ट्यात हिवाळ्याच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो, हे आम्हा बाहेरच्यांना तिथे गेल्यावर कळलं.

त्या रात्री शेजारच्या गावात नाटक होतं. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. धान घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, आणि गावोगाव मंडईच्या जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि नाटकं यांची चढाओढ लागते. नाट्यमंडळांची कार्यालयं वडसा देसाईगंजला, सुपारी तिथेच द्यायची. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. प्रेक्षक गोधड्या, ब्लँकेटं घेऊन जमिनीवर बसतात; बायाबापड्या, लेकरं, म्हातारी माणसं, सगळी. गाणी आणि विनोद भरपूर, मध्येच काळजाला हात घालणारा प्रसंग. 2023 मध्ये या रंगभूमीच्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत तिकीट काढून नाटक बघणारा प्रेक्षक आमच्या शहरांतल्या वातानुकूलित नाट्यगृहांना मिळत नाही, याचा विचार कोणीतरी करायला हवा. ते असो.

दुसऱ्या दिवशी आष्टीजवळ वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. थोडं खाली, चपराळ्याजवळ, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. आष्टी ते आलापल्ली हा टप्पा आता ट्रकांचा आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड डोंगरातलं लोहखनिज भरून एकामागून एक ट्रक येत असतात, आणि रस्त्याकडेच्या झाडांची पानं धुळीने तांबूस झालेली असतात. या खाणीवरून जिल्ह्यात दोन तट आहेत. एकाला रोजगार दिसतो, दुसऱ्याला डोंगर आणि त्या डोंगरावरचा देव जाताना दिसतो. बसमधल्या बसमध्ये दोन्ही मतं ऐकायला मिळाली, तीही शेजारी बसलेल्या दोन भावांकडून.

याच बसमध्ये आणखी एक गोष्ट झाली. मागच्या बाकावर बंगाली चालली होती, पुढे तेलुगू, आणि कंडक्टर मराठीत तिकिटं फाडत होता. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना चामोर्शी आणि मुलचेरा भागात वसवलं गेलं, त्यांची गावंच्या गावं इथे आहेत. अहेरी-सिरोंचाकडे तेलुगूचा प्रभाव. आणि भामरागडकडे माडिया आदिवासींची माडिया. महाराष्ट्राचा नकाशा शाळेत रंगवताना हा कोपरा आम्ही सगळ्यांनी नुसता हिरवा केला होता.

हिरवा तर तो आहेच. जिल्ह्याचं सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वनक्षेत्र म्हणून नोंदलेलं आहे. आलापल्लीचा साग इंग्रजांच्या काळापासून प्रसिद्ध. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर जंगलाचा एक छोटा तुकडा वनखात्याने कुऱ्हाड न लावता राखून ठेवला आहे. लोक त्याला 'वनवैभव' म्हणतात. जेमतेम सहा हेक्टर, पण सागाचे असे बुंधे की चौघांनी हात धरून कवळ घालायची. 2014 मध्ये त्याला राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. इथे बस थांबत नाही. खाजगी गाडी असेल तरच उतरता येतं. परतीच्या वाटेवर एका ओळखीच्या जीपने आमची सोय झाली, म्हणून पाहता आलं.

आलापल्ली ते हेमलकसा साधारण साठ किलोमीटर. पेरमिली आणि ताडगाव ही वाटेतली ठाणी. पोलीस ठाण्यांभोवती उंच भिंती, वाळूची पोती, मोर्चे. 1980 च्या सुमारास या भागात नक्षलवादी आले, आणि पुढची चार दशकं इथल्या माणसांनी दोन बंदुकांच्या मधोमध संसार केला. आता वातावरण पुष्कळ निवळलं आहे असं गोंडपिपरीकर सांगत होता. बसमधल्या शाळकरी पोरींचं तिकडे लक्षही नव्हतं, त्या एका मोबाईलवर तीन डोकी घालून गाणं बघत होत्या.

नागपूरहून सरळ गेलं तर हेमलकसा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आज हे एका दिवसाचं अंतर. 23 डिसेंबर 1973 रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा धड रस्ता नव्हता, नाल्यांवर पूल नव्हते, पावसाळ्यात तर जगाशी संबंधच तुटायचा. आलापल्लीजवळच्या नागेपल्लीला म्हणून प्रकल्पाने एक मधला तळ उभा केला होता. मीठ-तेलापासून औषधांपर्यंत सगळं तिथून पुढे जायचं.

प्रकल्पाच्या आवारात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती शिस्त. पाहुण्यांच्या खोल्या साध्या, जेवण साधं, ताट आपलं आपण घासायचं. आम्ही हॉस्टेलवाल्यांना याचं काही विशेष वाटलं नाही. संध्याकाळी मात्र आवारातला गजबजाट बघून थक्क झालो. बाहेरून आलेल्या गाड्या, शाळांच्या सहली, फोनवर चित्रण करणारी कुटुंबं. यातली बहुतेक मंडळी थेट प्राण्यांकडे धावतात. आम्हीही गेलो, खोटं कशाला बोला.

या प्राणी अनाथालयाची सुरुवात एका माकडाच्या पिल्लापासून झाली, ती हकिगत प्रसिद्ध आहे. माडिया शिकारी मेलेलं माकड काठीला बांधून नेत होते आणि त्याचं जिवंत पिल्लू अजून आईला बिलगून होतं. प्रकाश आमटे यांनी धान्य देऊन ते पिल्लू मागून घेतलं. त्यानंतर आसपासच्या गावांतले लोक शिकारीत सापडलेली पिल्लं आणून देऊ लागले. बिबटे आले, अस्वलं आली, तरस, साळिंदर, हरणं, मगरी, घुबडं, साप. विलास मनोहर यांचं 'नेगल' हे पुस्तक यातल्याच एका बिबट्याच्या नावाचं. वन्यजीव संरक्षण कायदा आला 1972 मध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आदल्याच वर्षी. कायद्याने शिकार बंद झाली, पण जंगलातल्या माणसाची भूक कायद्याने बंद होत नाही. शिकार करणं गुन्हा आहे असं भाषण देण्याऐवजी इथे पिल्लाच्या बदल्यात धान्य मिळत गेलं, आणि हळूहळू आसपासच्या गावांनी कोवळी पिल्लं मारणं सोडलं. माझ्या मते या अनाथालयाचं खरं महत्त्व यात आहे, बिबट्यासोबतच्या फोटोत नाही. पिंजऱ्याबाहेर एक गृहस्थ आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन तरसाला 'शुक शुक' करत होते. तरसाने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

आमचा जीव रमला तो दवाखान्यात. सकाळी ऊन व्हरांड्यात आलं की रुग्णांच्या रांगा लागतात. सोबत नातेवाईक, बिछाना, भांडी, कोंबडी आणि कधीकधी कुत्रंसुद्धा. आवारातच तीन दगड मांडून त्यांचा स्वयंपाक चाललेला. भामरागड तालुक्यातले तर असतातच, पण इंद्रावतीपलीकडच्या छत्तीसगडमधूनही माणसं येतात. एक बाई आजारी मुलाला पाठीला बांधून रात्रभर चालून आल्याचं तिच्या सोबतच्या माणसाने सांगितलं. मलेरिया, क्षय, सर्पदंश, अस्वलाने फाडलेले चेहरे, आणि हिवाळ्यात भाजलेले रुग्ण. पांघरूण अपुरं, म्हणून माणसं शेकोटीला लागून झोपतात. झोपेत कूस बदलली किंवा आकडी आली की आगीत पडतात. थंडीचा हा आजार आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

औषधं देण्याच्या खिडकीपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. हा आमचा विषय. गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर, हे सांगणं आम्ही परीक्षेत पाच मार्कांना लिहितो. इथे खिडकीतला कार्यकर्ता हाताने आभाळात सूर्य दाखवत होता: इथे असताना एक, डोक्यावर आला की एक, बुडाला की एक. मग रुग्णाकडून ते उलट म्हणून घेत होता. माडियात. रुग्णाने बरोबर सांगितलं तरच पुडी हातात. नांदेडकरने त्याला विचारलं, "आणि ढग आले तर?" तो हसला. "ढगातही त्यांना कळतं, आपल्याला कळत नाही."

सुरुवातीला हा विश्वास नव्हता. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांना बघून माडिया जंगलात पळून जायचे. आजारावर गावातला मांत्रिक हाच उपाय. महिनेच्या महिने कोणी दवाखान्याकडे फिरकलं नाही, आणि जे आले ते सगळे उपाय थकल्यावर आणलेले. त्यातले काही बरे होऊन आपल्या पायांनी गावी गेले, तेव्हा बातमी जंगलभर पसरली. प्रकाश आमटे यांनी शल्यचिकित्सेचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडलेलं, मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ, आणि हाताशी एक्स-रेही नाही. मोतीबिंदू, बाळंतपण, हाडं, दात, जे समोर येईल ते. 1975 मध्ये स्विसएड या संस्थेच्या मदतीतून छोटं रुग्णालय उभं राहिलं. आता त्यांचा डॉक्टर मुलगा दिगंत आणि सून अनघा दवाखान्याचं काम पाहतात, आणि दुसरा मुलगा अनिकेत प्रकल्पाचा बाकीचा कारभार.

शाळा 1976 ची. झाडाखाली भरायची आणि मुलं रात्री पळून घरी जायची. त्यांना परत आणायला शिक्षक जंगलात जायचे. आज शेकडो मुलं निवासी राहतात, आणि या शाळेतून शिकून डॉक्टर, वकील, शिक्षक झालेली माडिया मुलं आहेत. संध्याकाळी मैदानावर आम्ही मुलांत बसलो होतो. मी समुद्राकडची हे कळल्यावर एका सातवीतल्या मुलाने विचारलं, "समुद्राच्या पलीकडचा काठ दिसतो का?" नाही म्हटलं. "मग पलीकडे कोणतं राज्य?" इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड दिसतं, त्यामुळे त्याचा प्रश्न बरोबरच होता. मी अरबस्तान म्हणून सुटका करून घेतली. तर त्याने पुढचं विचारलं, तिकडचे लोक दवाखान्याला इकडे येतात का.

हेमलकशाहून भामरागड तीनेक किलोमीटर. पर्लकोटा नदीवरचा पूल ओलांडला की गाव. पावसाळ्यात हाच पूल पाण्याखाली जाऊन भामरागड तुटतं आणि दरवर्षी बातमी होते. हिवाळ्यात मात्र नद्या शहाण्या मुलीसारख्या वागतात. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा इथे संगम आहे. पांढरी वाळू, गुडघाभर पाणी, पोकळ केलेल्या खोडाच्या होड्या आणि समोर अबूझमाडच्या डोंगररांगा. सूर्य लवकर बुडतो आणि बुडाल्याबरोबर थंडी पायांतून वर चढते.

याच संगमावर हेमलकशाची कल्पना निघाली. 1970 च्या सुमारास बाबा आमटे यांनी आपल्या मुलांना सहलीसाठी भामरागडला आणलं होतं. विकास आणि प्रकाश तेव्हा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. इथली माणसं त्यांना बघून पळत होती. अंगावर कपडा नाही, अंगात ताप, पोटात अन्न नाही. बाबांनी इथे काम सुरू करायचं ठरवलं आणि प्रकाश यांनी मी येतो म्हणून शब्द दिला. सरकारी जमीन मिळायला पुढची काही वर्षं गेली. प्रकाश आमटे आयुष्यभर बंडी आणि अर्ध्या चड्डीवर राहिले त्याचं कारण याच भागात पाहिलेल्या उघड्या अंगांमध्ये आहे.

गोंडपिपरीकर हे सांगत होता तेव्हा आम्ही वाळूत बसून चिवडा खात होतो. तेच नागपूर, तेच वय, तशीच सहल. साताऱ्याची म्हणाली, "म्हणजे आता आपल्यालाही काही ठरवावं लागणार का?" कोणीच उत्तर दिलं नाही. मला वाटतं, अशा जागी येऊन ताबडतोब आयुष्य वाहून टाकायच्या गोष्टी करणं फार सोपं असतं. परतल्यावर बॅकलॉगचे फॉर्म भरताना त्या विसरूनही जातात. प्रकाश आमटे यांनी शब्द दिला यापेक्षा, त्यानंतर वर्षानुवर्षं ते रोज सकाळी त्याच व्हरांड्यात बसले, ही गोष्ट मला मोठी वाटते. 2008 मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्या व्हरांड्याला तीस वर्षं उलटून गेली होती. बाबांना तोच पुरस्कार 1985 मध्ये मिळाला होता. ते 9 फेब्रुवारी 2008 रोजी गेले, मुलाचा सन्मान बघायला राहिले नाहीत.

एका सकाळी शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यासोबत जवळच्या माडिया गावात गेलो. आधी गावाला विचारून. 'जोहार' करून अंगणात बसलो. सारवलेली अंगणं, बांबूच्या कुडाची घरं, कोपऱ्यात डुकरं, आणि गावाच्या मध्ये गोटुल. गोटुलबद्दल बाहेर जे चवीने बोललं जातं, त्याचा आमच्या सोबत्याला वैताग होता. गावाची बैठक इथे होते, सणाचा नाच इथे होतो, पाहुणा इथे उतरतो, असं त्याने एकदाच आणि स्पष्ट सांगितलं. माडिया समाज केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया असे तीनच. यादीत नाव असणं वेगळं आणि घरात डाळ असणं वेगळं. नवा तांदूळ मात्र त्या दिवसांत घरोघर होता. आम्हाला लाल मुंग्यांची चटणी दिली. आंबट, तिखट, चिंचेच्या जवळ जाणारी. चिपळूणला सुकट खाणाऱ्या मला नाक मुरडायचा अधिकार नव्हता. साताऱ्याच्या मैत्रिणीनेही मागून घेतली. एका घरातल्या आजीने आमच्या कानटोप्या बघून तिच्या सुनेला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसून लोळल्या. सोबत्याने भाषांतर करायला साफ नकार दिला.

फोटो काढायचे नाहीत असं आम्ही आधीच ठरवलं होतं. इकडच्या उघड्या अंगांचे, गोंदलेल्या कपाळांचे फोटो कॅलेंडरांवर जाऊन पोहोचले आहेत, आणि ज्यांचे ते फोटो त्यांना त्याचा पत्ताही नाही.

जायचं मनात असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; पावसाळा टाळावा. बल्लारपूर किंवा चंद्रपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटीने आलापल्ली, तिथून भामरागडची बस. आलापल्लीनंतरचा प्रवास दिवसाउजेडी करावा. मुक्काम करायचा तर प्रकल्पाला आधी कळवून, होकार आल्यावरच जावं; ते हॉटेल नाही आणि दवाखाना-शाळा सांभाळून पाहुण्यांना वेळ दिला जातो. गरम कपडे भरपूर न्यावेत, मुलांना वाटायला चॉकलेटं नेऊ नयेत. दवाखान्याच्या व्हरांड्यात कॅमेरा काढू नये. वेळ असेल तर कमलापूरचा हत्ती कॅम्पही पाहून घ्यावा, राज्यातला असा एकमेव.

शेवटी आमच्या धंद्यातलं. प्रकल्प बघून आलेल्या माणसाला काहीतरी पाठवावंसं वाटतं, आणि घरातल्या कपाटातल्या उरलेल्या गोळ्या सगळ्यात आधी आठवतात. त्या पाठवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाविषयीच्या सूचना सांगतात की दान म्हणून दिलेलं औषध पोहोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, आणि ज्याला द्यायचं त्याने ते मागितलेलं असावं. अर्ध्या पट्ट्या, फोडलेल्या बाटल्या आणि महिन्याभरात मुदत संपणारी सिरप तिथे कोणालातरी निवडून, मोजून, जाळून टाकावी लागतात, आणि तो वेळ रुग्णांचा असतो. काय हवं आहे ते प्रकल्पाला विचारा, बिल करून नवीन घ्या आणि पाठवा.